थेट प्रक्षेपण आणि तीन रंगांची वायर

पुरस्कार सोहळे मी आवाजासाठी बघतो. लोक कपडे बघतात, कोण कुणाच्या शेजारी बसलंय ते बघतात. मी ध्वनीचा पुरस्कार कुणाला जातो याची वाट बघत बसतो. अमळनेर आणि आसपासच्या खेड्यांत लग्नं, कीर्तनं, सभा यांना साउंड लावण्यात माझी अर्धी उमर गेली. 2009 साली रसूल पूकुट्टीला ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळालं तेव्हा आमच्या लाइनीतल्या माणसांनी एकमेकांना फोन करून अभिनंदन केलं होतं. त्याचं काम वेगळं, आमचं वेगळं. पण वायरी गुंडाळणाऱ्याची छाती फुगायची ती फुगलीच.

त्यामुळे ऑस्करवाल्यांनी 2022 साली केलेला प्रकार मी अजून विसरलेलो नाही. कार्यक्रम लांबतो म्हणून आठ पुरस्कार त्यांनी थेट प्रक्षेपणाच्या आधीच वाटून टाकले आणि कापून-छाटून मधे मधे दाखवले. त्या आठांत संकलन होतं, संगीत होतं आणि ध्वनीही होता. बोंबाबोंब झाली, पुढच्या वर्षी सगळे पुरस्कार परत थेट आले. आपल्याकडच्या खासगी वाहिन्यांना तर तेवढीही लाज नाही. सोहळा होतो एका रात्री, टीव्हीवर येतो बऱ्याच दिवसांनी. तोवर कुणाला काय मिळालं ते पानटपरीवरही माहीत झालेलं असतं. मग उरतात नाच, सूत्रसंचालकांचे विनोद आणि जाहिराती. साउंडवाल्याचं नाव आलंच तर ट्रॉफी हातात पडायच्या आत कॅमेरा पुढच्या रांगेतल्या हिरोकडे वळलेला असतो.

राष्ट्रीय पुरस्कारांचं उलटं आहे. नावं आधीच जाहीर झालेली असतात, उत्सुकता म्हणून काही नसतेच. एकेक जण येतो, निवेदक मानपत्रातल्या ओळी वाचतो, राष्ट्रपती पदक देतात, फोटो होतो, माणूस खाली उतरतो. कुणी आश्चर्याचा अभिनय करत नाही. आणि आवाजाचं काम करणारा त्याच पायऱ्या चढतो ज्या हिरो चढतो. तिथेही 2018 साली घोळ झाला होता. राष्ट्रपतींनी 11च पुरस्कार दिले, बाकीचे मंत्र्यांच्या हस्ते, म्हणून कितीतरी विजेते समारंभाला गेलेच नाहीत. त्यांचं बरोबरच होतं.

गेल्या वर्षी, 2025 साली, घरात हा विषय माझ्यापेक्षा आबांचा होता. आबा आमच्या प्रताप हायस्कूलचे विद्यार्थी. साने गुरुजींनी 1924 ते 1930 या शाळेत शिकवलं. आबा शाळेत गेले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, तरी गुरुजींबद्दल बोलताना जणू कालच तास झाला असा त्यांचा सूर. 1954 साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं हे ते पाहुण्यांना न विचारता सांगतात. आणि 71 व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून पुन्हा ‘श्यामची आई’चंच नाव आलं, सुजय डहाके यांच्या नव्या चित्रपटाचं. समारंभ ठरला 23 सप्टेंबरला, नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात. आबा म्हणाले, "माले देखनं शे." विषय संपला.

अडचण एकच होती, घरात धड टीव्ही नव्हता. जूनच्या वादळात वीज कडाडली आणि जुना टीव्ही गेला. नवा घ्यायला जळगावला गेलो. शोरूमच्या भिंतीवर पन्नासेक टीव्ही एकाच वेळी एकच पोपट दाखवत होते. पोपट असा हिरवा की डोळे दिपावेत. मी विक्रेत्याला विचारलं, "भाऊ, मागे पिना किती आहेत?" तो म्हणाला, "दादा, सगळं वायफायवर चालतं आता." हे उत्तर मी तिथेच ओळखायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण दुकानात टीव्ही भिंतीला चिकटवलेला असतो, मागची बाजू गिऱ्हाइकाला दिसतच नाही.

घरी आल्यावर टीव्हीने आधी भाषा विचारली, मग देश, मग वायफाय, मग ईमेल, मग अटी मान्य आहेत का. अटी वाचणारा माणूस खानदेशात अजून जन्मायचा आहे. पासवर्ड टाकायचा तर रिमोटच्या बाणाने पडद्यावरच्या एकेका अक्षरापर्यंत जायचं. मोठं अक्षर हवं असेल तर वेगळी कळ, चिन्ह हवं असेल तर वेगळं पान. ओटीपी गेला पुण्याला, मुलाच्या फोनवर, कारण ॲपचं खातं त्याच्या नावावर. तो मीटिंगमध्ये. त्याने ओटीपी पाठवेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा आला, तेव्हा टीव्हीने सांगितलं की या खात्यावर आधीच ठरलेल्या संख्येइतके पडदे चालू आहेत. म्हणजे पुण्यात त्याचा रूम पार्टनर मॅच बघत होता, आणि अमळनेरात आम्ही उभे.

हे सगळं पार पडल्यावर जे उघडलं ते जाहिरातींचं पान. पैसे मोजून आणलेल्या वस्तूने चालू होताच पहिल्यांदा मला साबण दाखवावा हे मला अजून पचलेलं नाही.

चित्र लागलं तर बातमीदार हळदीने न्हालेला. आबा चष्मा पुसत म्हणाले, "यास्ले कावीळ व्हयनी का रे?" टीव्ही दुकानाच्या मोडमध्येच राहिला होता. शोरूमच्या ट्यूबलाइटखाली उठून दिसावा म्हणून त्यात रंग आणि उजेड टोकाला नेऊन ठेवतात. घरी आणल्यावर सेटिंगमध्ये जाऊन ‘होम’ करावं लागतं. ते केलं. मग सिनेमा लावला तर माणसं तेल लावल्यासारखी सरकायला लागली. याचं कारण मला माहीत होतं. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा, आणि हे टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवून घुसवतात. म्हणून भारी सिनेमासुद्धा मालिकेसारखा दिसतो. टॉम क्रूझने 2018 साली खास व्हिडिओ करून लोकांना ही सोय बंद करा म्हणून विनवलं होतं. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते आणि सेटिंगच्या तळाशी लपवते. बंद केली.

आवाजाबद्दल मी बोलू नये, तोंडातून शिवी जाईल. टीव्ही पातळ करायच्या नादात स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून बसवतात. संवाद भिंतीवर आपटून येतात, पार्श्वसंगीत मात्र थेट कानात. माझ्या गोदामातला एक जुना बुकशेल्फ स्पीकर आणि छोटं मशीन (ॲम्प्लिफायर) लावून टाकलं. तो भाग सोपा होता.

खरी लढाई दूरदर्शनची. यूट्यूबवर दूरदर्शन थेट दिसतं, फुकट दिसतं, हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या गल्लीत रस्ता खोदताना फायबर तुटली होती आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गोल चक्र फिरत बसायचं. शिवाय नेटवरचं थेट म्हणजे पूर्ण थेट नसतंच. 13 मार्च 2023 च्या सकाळी ‘नाटू नाटू’ला ऑस्कर मिळालं तेव्हा मी मोबाइलवर बघत होतो. माझ्या पडद्यावर पाकीट फुटायच्या आधीच साउंडवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी "जिंकलो!!!" टाकलं. पहाटे साडेपाचपासून जागून मला काय मिळालं?

म्हणून मी गच्चीवरच्या जुन्या डीडी फ्री डिशवर भरवसा टाकला. छत्री शाबूत होती, बॉक्स शाबूत होता. महिन्याचे पैसे नाहीत, खातं नाही, सिग्नल थेट उपग्रहावरून. फक्त बॉक्स जुना, त्याच्या मागे एचडीएमआयचं भोकच नाही. लाल, पांढरी, पिवळी अशा तीन पिनांची वायर. आणि नव्या टीव्हीमागे त्या तीन पिनांना जागा नाही. एक बारीक गोल भोक, त्यावर ‘एव्ही इन’ लिहिलेलं. त्यात जाणारी जोडवायर खोक्यात नव्हती. सेवा केंद्राला फोन केला. तिथल्या मुलीने माझी तक्रार फार नम्रपणे नोंदवून घेतली, आणि नंतर मला मेसेज आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवली आहे, कृपया तारे द्या.

बाजारातून कॅमेऱ्याची तशीच दिसणारी वायर आणली. लावली तर पडदा काळा आणि स्पीकरमधून भुर्रर्र असा घोंगाट. हा घोंगाट मी ओळखतो. चित्राचा सिग्नल आवाजाच्या तारेत शिरला की असाच येतो. त्या बारीक जॅकवर चार कप्पे असतात: चित्र, डावा आवाज, उजवा आवाज आणि अर्थ, म्हणजे अर्थिंग. कुठला कप्पा कशाचा, याबद्दल कंपन्यांचं एकमत नाही. कधी कधी नुसती पिवळी पिन लालच्या जागी लावून काम भागतं. इथे भागलं नाही, कारण अर्थचीच जागा वेगळी होती.

मग मात्र मला बरं वाटलं. इतके दिवस मी पासवर्ड आणि ओटीपीच्या राज्यात आंधळ्यासारखा चाचपडत होतो. आता गोष्ट तांब्याच्या तारेवर आली होती. टीव्ही बंद करून, प्लग काढून मल्टिमीटरने टीव्हीच्या भोकातला अर्थ शोधला. एचडीएमआयच्या पत्र्याशी ज्याची जोड लागते तो अर्थ. वायर कापली, नवा जॅक घेतला, सोल्डरिंग गन तापवली. उरलेल्या तीन तारा लावून बघितल्या, बदलल्या, पुन्हा लावल्या. चित्र आलं. सगळ्यांचे गाल फुगलेले, कारण जुन्या बॉक्सचं चौकोनी चित्र टीव्हीने रुंद ताणलं होतं. पडद्याचं माप 4:3 केलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, माणसं माणसांसारखी दिसायला लागली.

23 सप्टेंबर म्हणजे नवरात्राची दुसरी माळ. संध्याकाळी मंडळात दांडियाचा साउंड होता, पोरं टेम्पो घेऊन दारात उभी, आणि आभाळ भरून आलेलं. जोराच्या पावसात छत्रीचा सिग्नल जातो, म्हणून मी गच्चीकडे कान लावून बसलो. पाऊस आला नाही. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पदकं सुरू झाली. मोहनलालना फाळके पुरस्कार, शाहरुख खानला पहिल्यांदाच राष्ट्रीय पुरस्कार, सगळं बघितलं. पण सभागृह खरं उठलं ते त्रिशा ठोसरला. ‘नाळ 2’मधली चिमुरडी, साडी नेसून, न घाबरता चालत गेली. आबांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ‘श्यामची आई’चं नाव आलं तेव्हा वाजवल्या नाहीत, नुसती मान हलवली. मी विचारलं तर म्हणाले, "गुरुजींनं नाव निघालं का टाळ्या वाजाडतस का?"

नवा ‘श्यामची आई’ कृष्णधवल आहे. अब्जावधी रंग दाखवणारा टीव्ही घेतल्यावर आबांना बघायचा आहे तो हा.

ऑस्करचं मला 2029 पासून सोपं होणार म्हणतात. 100 वा सोहळा 2028 साली अमेरिकेत जुन्याच वाहिनीवर, आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून 2033 पर्यंत जगभर यूट्यूबवर, फुकट. तेव्हा पुण्याचा पासवर्ड लागणार नाही. फायबर मात्र लागेल, आणि आमचा रस्ता अजून खोदलेलाच आहे.

तोवर गल्लीतल्या लोकांनी गाठलंय. सगळ्यांच्या घरी जुना बॉक्स, नवा टीव्ही आणि न बसणारी पिन. मी मल्टिमीटर घेऊन जातो, टीव्ही तपासतो, वायर करून देतो. जॅकचे पैसे घेतो, मजुरी चहावर. परवा समोरच्या नानांकडे चित्र लागलं. ते बराच वेळ रिमोट हातात धरून पडद्याकडे बघत राहिले आणि मग हळूच विचारलं, "भाऊ, आते ओटीपी कोठे येई?"