अडलंय कुणाचं?

"सगळं चांगलंय ओ, पण ह्यात अडलंय कुणाचं?"

कॉलेजातल्या सोशल स्टार्टअप (म्हणजे लोकांची अडचण सोडवणारा नवा धंदा) स्पर्धेत चहाचे कप गोळा करणाऱ्या मावशी आज हे हळूच बोलून गेल्या. पोरं झकास बोलली होती. स्लाइडगणिक इम्पॅक्ट, पॅशन, व्हिजन. मावशींचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी बँक आठवली. रस्त्याकडेला वेल्डिंग करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद टाकायचा होता, म्हणून पैसे साठवायचे होते. एवढ्याशा रकमेसाठी बँका खातं उघडेनात. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं, तर सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायकांनी अक्षरं गिरवली आणि पुन्हा जाऊन ऐकवलं: व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा! (काय बिशाद!) १९९७ साली बँक उभी राहिली.

म्हणजे आधी अडलेली बाई, मग बँक. आमच्या स्पर्धांमध्ये आधी ॲप, मग ते कुणाच्या गळ्यात मारायचं त्याचा शोध.

पण गुण मांडणीलाच मिळणार असतील, तर पोरं तरी माणूस कशाला शोधत फिरतील?