प्रलयानंतरचा गेम गोव्यात चित्रित करायचा तर

गेमवरून सिनेमा करायचा म्हटलं की पहिल्याच बैठकीत पात्रांची यादी निघते. ती नंतर करा. प्रलयानंतरच्या जगाचा गेम असेल तर आधी एकच गोष्ट पक्की करायची: जग बंद पडून किती वर्षं झाली? हे ठरलं नाही, तर कलाविभाग भिंतीवर वीस वर्षांचं शेवाळ चढवतो आणि त्याच भिंतीला टेकून हवा भरलेल्या चाकांची स्कूटर उभी असते.

‘द लास्ट ऑफ अस’ हा गेम २०१३ चा. त्यात माणसांना ग्रासणाऱ्या बुरशीची साथही २०१३ मध्येच येते आणि मुख्य कथा वीस वर्षांनी घडते. २०२३ ची मालिका करताना साथ २००३ वर नेली. बदललं एवढं एक साल, पण त्याने सगळं सामान ठरून गेलं: घरातला फोन, रस्त्यावरची गाडी, दुकानाची पाटी, काहीच २००३ नंतरचं चालणार नाही. याच मालिकेच्या पहिल्या सीझनने गेममधले बुरशीचे हवेत तरंगणारे बीजाणू काढून टाकले. बीजाणू ठेवले की मास्क आला, आणि मास्क आला की नटाचा चेहरा गेला. ‘फॉलआउट’ या गेमांवरच्या मालिकेने (२०२४) तर कुठल्याच गेमची गोष्ट उचलली नाही, जग तेच ठेवून माणसं नवी आणली. दोन्ही वाटा धड आहेत. गेममधले प्रसंग ओळीने मांडत जायची तिसरी वाट मात्र फसते. गेममध्ये आपण पंधरा-पंधरा तास शोधतो, लपतो, मारतो आणि पुन्हा शोधतो. हातात कंट्रोलर असतो म्हणून कंटाळा येत नाही. पडद्यावर तेच तिसऱ्यांदा आलं की प्रेक्षक मोबाइल काढतो.

म्हणून गेम खेळताना वहीत तीन रकाने आखा. एकात आयते दाखवलेले प्रसंग, दुसऱ्यात खेळणाऱ्याला स्वतः करावं लागतं ते, तिसऱ्यात वाटेत सापडणाऱ्या चिठ्ठ्या, भिंतीवरची अक्षरं, सोडून गेलेल्या खोल्या. सिनेमाचा खरा माल बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यात असतो. दुसऱ्यातून एकच नियम निवडा. समजा, गोळ्यांची टंचाई. गेममध्ये शिल्लक गोळ्यांचा आकडा कोपऱ्यात दिसतो, सिनेमात तो कोपरा नाही. तेव्हा सुरुवातीच्या दहा मिनिटांत पात्राने गोळ्या तळहातावर घेऊन मोजायच्या: सहा. पुढे प्रत्येक गोळीचा हिशोब पटकथेच्या समासात सीन नंबरसकट. संकलनात एखादा सीन मागेपुढे झाला की हिशोब कुठे बिघडला ते लगेच कळतं.

आता जागा. वाळवंट, उडती धूळ आणि चामड्याचे कोट इथे आणू नका. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या कोटाला पहिल्याच श्रावणात बुरशी येईल. इथलं जग वाळून संपणार नाही, कुजेल आणि त्यावर रान माजेल. उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या काही महिन्यांत उतरतात, टाकीतलं पेट्रोल वर्षभरात बिघडतं; म्हणजे दुसऱ्या वर्षानंतर बाइकवरचा पाठलाग बाद. घर शाकारायला माणूस नसला की एका फुटक्या कौलातून पाणी वाशात मुरतं, वासा कुजतो, मग आढं खचून छप्पर मधोमध बसतं. मातीची भिंत उघडी पडली की काही पावसाळ्यांत खाली येते. चिऱ्याची टिकते, पण तिच्या फटीत पिंपळ धरतो. वीस वर्षांनंतरच्या घराचं चित्र म्हणजे चिऱ्याच्या भिंती, आत कौलांचा खच आणि त्यातून वर गेलेलं झाड.

खाजन जमिनीचं तर आणखी लवकर होतं. ही शेतं भरतीच्या पातळीखाली असतात. बांध आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या फाटकाची, लाकडी दारं खारं पाणी बाहेर ठेवतात. दार कुजलं, बांध फुटला की शेतात खारफुटी शिरते. हे बघायला प्रलयाची वाट पाहावी लागत नाही, नदीकाठाने फिरलं तरी पुरे. खाणींत पंप थांबला की खड्ड्याचं तळं होतं. दिसायला जबरदस्त, पण कडा ठिसूळ असतात. नटांना काठावर उभं करू नका, लांबून लेन्सने घ्या.

सांगे तालुक्यातलं कुर्डी सगळ्यांनाच आठवतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि उन्हाळ्याच्या शेवटी, साधारण मे महिन्यात, उघडं पडतं: जोती, रस्ते, तडकलेला गाळ. अडचण ऋतूची आहे. कुर्डी मिळतं तेव्हा बाकीचा गोवा रखरखीत असतो, भिंतीवरचं शेवाळ वाळून काळं पडलेलं असतं; आणि भिंती हिरव्या होतात तोवर कुर्डी बुडालेलं असतं. एकाच दिवसाचे सीन दोन्हीकडे लावले की पकडले जाता. पटकथेतच मधे पावसाळा घाला, किंवा कुर्डी हा वेगळा कोरडा टप्पा ठेवा. आणि मे महिन्यात जुने गावकरी तिथल्या देवळात उत्सवाला जमतात. ते दिवस सोडा. त्यांच्या लेखी तो सेट नव्हे.

गंज मात्र विकतचा रंग लावून आणू नका, कॅमेऱ्यात तो चॉकलेटी दिसतो. लोखंडी पत्रा घासून तेलकटपणा काढा, नुसतं व्हिनेगर मारून वाळू द्या. मग ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा लिटर, व्हिनेगर ६० मिली आणि मीठ अर्धा मोठा चमचा हे मिश्रण फवारा. काही मिनिटांत खरा गंज धरतो. जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर हे चालत नाही; थर आधी घासून काढावा लागतो. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हवीच. उरलेलं बाटलीत बूच लावून ठेवू नका, वायूने बाटली फुटते. शेवटी मॅट लॅकरचा हात द्या, नाहीतर गंज कपड्यांना लागतो. लॅकरने रंग थोडा गडद होतो, तेवढं आधीच धरून चाला.

परवानगीसाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे अर्ज करायचा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंची परवानगी वेगळी, आणि दाबोळीच्या आसपास ड्रोन डोक्यातूनच काढा, तो नौदलाचा तळ आहे.

सगळ्यात जास्त रडवतो तो आवाज. माणसं संपलेल्या जगात बोटीचं इंजिन, लांबचा डीजे आणि टॉवरच्या जनरेटरची घरघर ऐकू येऊन चालत नाही, आणि संवादाखालून ती घरघर नंतर पूर्ण निघत नाही. ध्वनिमुद्रकाला रेकीलाच, म्हणजे शूटआधी जागा बघायला जाताना, न्या, आणि ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी न्या. सकाळी शांत वाटलेली जागा संध्याकाळी तशी नसते.