आमची वाटचाल : मिस्सा आणि जेवण यांच्यामधला तास

वसईतल्या ख्रिस्ती लग्नात चर्चमधली मिस्सा (लग्नविधीची प्रार्थना) संपली की नवरानवरी फोटोसाठी किल्ल्यात नाहीतर समुद्रावर जातात आणि पाहुणे हॉलवर पोचतात. हॉलवर सरबत असतं, वेफर्स असतात, डोक्यावर पंखे असतात, पण करण्यासारखं काही नसतं. ब्रास बँड नवरानवरीबरोबरच आत येणार, डीजे त्यानंतर. मधला तास-दीड तास कोणाचाच नसायचा. आमचा तारवाद्यांच्या चौकडीचा धंदा उभा राहिला तो याच तासावर.

दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठा, खालच्या आवाजाचा), एक चेलो (त्याहून बराच मोठा, बसून समोर धरून वाजवायचा). चौघेही एकाच चर्चच्या क्वायरमधले. दहा-बारा वर्षांपूर्वी क्वायरमधल्याच एकीच्या लग्नात आम्ही हौसेने वाजवलं, आणि त्या हॉलच्या मॅनेजरने पुढच्या महिन्याची तारीख मागितली. पैसे किती घ्यायचे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ब्रास बँडवाल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "माणशी धरू नका, तासावर धरा, आणि जेवणाचं आधी बोलून घ्या." आजही आमचा दर त्याच हिशेबाने ठरतो.

खरं तर आमची सुरुवात झाली आमच्या सरांच्या ओसरीवर. सर फिल्म स्टुडिओतले निवृत्त व्हायोलिनवादक. मुंबईत एका गाण्याला व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा बसायच्या, त्या काळातले. गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत राहिले आणि तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फा (डो-रे-मी म्हणत स्वर वाचणं) आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. तिथून मुंबईत आलेल्यांनी स्टुडिओ भरले. सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यमांडणी लिहिणारे, अँथनी गोन्साल्विसांसारखे शिक्षक, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल शिकले, ही सगळी त्याच मुशीतली माणसं. आमच्या वसईत पोर्तुगीज १७३९ मध्येच गेले. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, मिस्सा तेवढी राहिली. सर त्या गोवेकरांच्या शेजारी बसून शिकलेले. पुढे कीबोर्ड आले, एक माणूस एका खोलीत बसून वीस व्हायोलिन काढू लागला, आणि सरांना फोन येणं बंद झालं. मग त्यांनी आम्हाला धरलं. शिस्त स्टुडिओतलीच: स्वरलिपीचा कागद समोर ठेवला की पहिल्या फटक्यात वाजला पाहिजे, आणि प्रत्येकाच्या केसमध्ये पेन्सिल हवीच. पेन, बॉलपेन चालत नाही, कारण धनुष्य कुठे वर, कुठे खाली न्यायचं याच्या कागदावरच्या खुणा पुढच्या वेळी बदलतात.

मुंबईला चौकडी नवीन नाही. प्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी १९४० मध्येच बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं होतं. पण ते मैफलीसाठी. लग्नाच्या हॉलमध्ये, बाजूला जनरेटर धडधडत असताना, सरबताचे ग्लास चुकवत वाजवायचं शास्त्र आम्हाला आमचंच उभं करावं लागलं.

पहिला प्रश्न खुर्चीचा. हॉलवाले आदराने आम्हाला हात असलेल्या, मखमली, सिंहासनासारख्या खुर्च्या द्यायचे. त्यात चेलो मांडायलाच जागा नाही, आणि व्हायोलिनवाल्याचं कोपर दर वेळी हातावर आपटतं. आता आमच्या करारात पहिली अट पैशांची नसून "बिनहाताच्या चार साध्या खुर्च्या" ही आहे. दुसरी अट सावलीची. उघड्यावरच्या लग्नात साडेचारच्या उन्हात वाद्य ठेवलं तर सांधे सुटतात, कारण ती लाकडं सरसाने चिकटवलेली असतात आणि तो सरस उष्णतेने आणि दमटपणाने सैल होतो. हे त्या सरसाचं वैगुण्य नव्हे. लाकूड फाटण्यापेक्षा सांधा सुटलेला बरा, कारागीर तो पुन्हा चिकटवून देतो. वसईच्या हवेत जुलैत तारा ताणायच्या खुंट्या फुगून अडकतात आणि जानेवारीत त्याच आपोआप घसरतात, म्हणून आतड्याच्या तारांच्या नादी आम्ही कधी लागलो नाही, सिंथेटिकच बरी. चेलोची खालची सळई मार्बलवर घसरते, तिला पट्टा लागतो, त्याचं एक टोक खुर्चीच्या पायाला. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे. टॅब्लेट आले तरी चिमटे अजून पेटीत आहेत, कारण उन्हात टॅब्लेट तापून बंद पडतो.

चेलोचा प्रवास हा वेगळाच विषय. विरार लोकलमध्ये ज्या डब्यात माणूस मावत नाही, तिथे तो कसा मावणार? सुरुवातीची कित्येक वर्षं आमची चेलोवाली लगेजच्या डब्यातून गेली. पहाटेच्या गाडीला दादरच्या बाजारात फुलं आणि भाजी नेणाऱ्या आपल्याच वसईच्या बायका असायच्या. त्या टोपल्या सरकवून जागा करून द्यायच्या, वर विचारायच्या, "यात काय गं, मयत आहे की काय?" आता ईको गाडी आहे. दरात गाडीचा खर्च वेगळा दाखवतो, कोणी घासाघीस करत नाही. चेलो एकदा पाहिला की माणूस गप्प बसतो.

वाजवायचं काय, याचा निर्णय अर्धा फादरांचा. मिस्सेत सिनेमाचं गाणं चालत नाही, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दर सीझनला एक तरी नवरी एखादं आवडतं गाणं घेऊन येतेच. आम्ही ते हॉलसाठी ठेवतो. गंमत अशी की ज्याला लोक "चर्चचं लग्नाचं संगीत" समजतात, त्यातलं बरंचसं चर्चचं नाहीच. नवरी आत येताना वाजणारं ते सुप्रसिद्ध कोरस वॅग्नरच्या 'लोहेनग्रिन' या ऑपेरातलं, १८५० मधलं, आणि त्या ऑपेरातलं लग्न त्याच रात्री मोडतं. बाहेर पडतानाचा मेंडेल्सोनचा मार्च १८४२ चा, शेक्सपिअरच्या नाटकासाठी लिहिलेला. दोन्हींची प्रथा पडली ती १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या मुलीच्या लग्नापासून. त्यामुळे काही फादर दोन्हींना नाही म्हणतात. मला विचाराल तर त्यांचंच बरोबर आहे, पण गिऱ्हाइकासमोर मी हे बोलत नाही, "फादरांना विचारून सांगतो" एवढंच म्हणतो.

आम्ही सुचवतो जुने जर्मन संगीतकार पाखेलबेल यांचा कॅनन, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक वाद्यांनी उचलायची रचना. तो सगळेच सुचवतात, पण आमचं कारण निव्वळ धंद्याचं आहे. मुळात तीन व्हायोलिनसाठी आणि खालच्या स्वरांच्या साथीसाठी लिहिलेली ती रचना. खाली तेच आठ स्वर शेवटपर्यंत फिरत राहतात, एकूण अठ्ठावीस वेळा. म्हणजे आठ-दहा सेकंदांचं एक आवर्तन. नवरी कधी झपाझप येते, कधी फोटोग्राफर तिला मधेच थांबवतो, कधी वडिलांनाच रडू फुटतं. कुठल्याही आवर्तनाच्या समेवर थांबता येतं किंवा आणखी एक फिरवता येतं. आमची बसायची जागा त्यावरूनच ठरते: पहिल्या व्हायोलिनचं तोंड दाराकडे. तो नवरी पाहतो, बाकी तिघं त्याला पाहतात. नवरी वेदीच्या पायरीशी आली की तो धनुष्य किंचित उचलतो, आणि पुढच्या आवर्तनाच्या शेवटी सगळे एकत्र उतरतात. लोकांना वाटतं तुकडा तेवढाच होता. बिचाऱ्या चेलोला मात्र लग्नभर तेच आठ स्वर. ती म्हणते, नवऱ्याचा चेहरा नीट बघायला वेळ मिळतो.

व्हिओलावाला मिळणं ही आमची कायमची डोकेदुखी. आपल्याकडे मुलाला गिटार नाहीतर कीबोर्ड लावतात, फार झालं तर व्हायोलिन. व्हिओला शिकायचाच म्हणून कोणी येत नाही. आमचा व्हिओलावाला मूळचा व्हायोलिनवाला, चिठ्ठी टाकून त्याला बदलला. आता तो परत यायला तयार नाही. म्हणतो, मधल्या आवाजात बसलं की चौकडी आतून ऐकू येते.

धंद्याचं वर्ष कसं चालतं ते नवीन मुलांना सांगावं लागतं. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्याकडे लग्नं जवळजवळ नसतात. नाताळानंतर उपवासाच्या बुधवारापर्यंत आणि ईस्टरनंतर पावसापर्यंत मात्र श्वास घ्यायला फुरसत नाही. तुळशीचं लग्न झालं की हिंदू लग्नसराई सुरू होते आणि ती नेमकी आमच्या आगमनकाळावर येते. ठाणे, डोंबिवली, पुणे, रिसेप्शनं मिळू लागली ती या फटीतून. तिथे यमन आणि भूपाली वाजवतो, जुन्या भावगीतांची मांडणी आमची आम्हीच केली आहे. एका घरातून मंगलाष्टकांना साथ करण्याची मागणी आली. शार्दूलविक्रीडित वृत्त, ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्याला यती. कागदावर सोपं वाटलं. प्रत्यक्षात गुरुजी काळी दोनमध्ये, मावशी पांढरी पाचमध्ये, आणि आत्यांनी स्वतः रचलेलं अष्टक कुठल्या पट्टीत हे त्यांनाही माहीत नाही. तेव्हापासून अक्षता पडेपर्यंत आम्ही हात मांडीवर ठेवतो. तसंही मंगलाष्टकातच वाजंत्र्यांना फार गलबला न करण्याची ताकीद आहे.

करोनात ब्रास बँड आणि डीजे दोन्ही घरी बसले. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर नियम होता पंचवीस माणसं, एक हॉल, दोन तास. फुंकून वाजवणाऱ्याला मास्क लावता येत नाही, आम्हाला येतो. पैसे कमी मिळाले, पण चौकडीला माइकशिवाय ऐकू येईल एवढंच लग्न असावं हे आमचं जुनं म्हणणं लोकांना पहिल्यांदा पटलं. दीडशेपर्यंत पाहुणे असतील तर आजही आम्ही माइक घेत नाही. त्यापुढे वाद्याला छोटे क्लिप माइक लावतो आणि साउंडवाल्याला बजावून सांगतो की रिव्हर्बला, म्हणजे आवाजाच्या कृत्रिम घुमाऱ्याला, हात लावायचा नाही.

आता चर्चमधल्या कार्यक्रमांबद्दल, कारण त्यात पैसा नाही आणि तरी मी ते सोडत नाही. व्हॅटिकनच्या उपासनाविषयक मंडळाने १९८७ मध्येच सांगून ठेवलंय की चर्चमधल्या मैफलीला तिकीट नको, सगळ्यांना प्रवेश खुला हवा, संगीत धार्मिक हवं, आणि वादकांनी वेदीच्या जागेत बसायचं नाही. म्हणजे उत्पन्न शून्य. काही वेळा गावातला एखादा बागायतदार खर्च उचलतो, काही वेळा आमच्याच खिशातून जातो.

उपवासकाळात आम्ही ऑस्ट्रियन संगीतकार हायडनचं 'ख्रिस्ताची अखेरची सात वाक्यं' करतो, म्हणजे क्रुसावरून ख्रिस्ताने उच्चारलेली वाक्यं. स्पेनच्या काडिझ शहरातून हायडनला ते लिहिण्याची विनंती आली होती. तिथे उपवासकाळात चर्चच्या भिंती-खिडक्या काळ्या कापडाने झाकायचे, बिशप एकेक वाक्य उच्चारून त्यावर बोलायचे, आणि मग संगीत. आधी वाद्यवृंदासाठी, आणि १७८७ मध्ये हायडनने स्वतःच चौकडीसाठी मांडलं. सुरुवात, सात संथ भाग, आणि शेवटी ख्रिस्ताच्या मृत्यूच्या वेळचा भूकंप. एकामागून एक सात संथ भागांत लोकांना कंटाळू न देणं सोपं नाही, हे हायडननेही लिहून ठेवलंय. आमच्याकडे फादर प्रत्येक वाक्य मराठीतून वाचतात, दोन मिनिटं बोलतात, मग आम्ही. "मला तहान लागली आहे" या पाचव्या वाक्याला तारा धनुष्याने न वाजवता बोटाने छेडायच्या आहेत, थेंब थेंब पडल्यासारख्या, आणि त्यावर पहिल्या व्हायोलिनचे दोनच स्वर, खाली उतरणारे. पहिल्या वर्षी त्या जागी पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी पिशवीतून बाटली काढून पाणी प्यायलं. आम्हाला हसू आवरेना, पण नंतर वाटलं की इतकी नेमकी दाद क्वचित मिळते.

भूकंपाला सगळी ताकद लावायची, असं हायडनने वर लिहूनच ठेवलंय. तासभर हळू वाजवून थकलेल्या हातांनी ते करणं हीच आमची वर्षभराची तालीम. या कार्यक्रमाला आलेल्या कुटुंबांतूनच पुढच्या सीझनची बरीच लग्नं येतात, त्यामुळे हिशेबाच्या वहीत तो तोटा म्हणून लिहू नकोस, असं माझी बायको मला सांगते. मी तरी तोटा म्हणूनच लिहितो, सीए विचारतो म्हणून.

सोसायट्यांचे कार्यक्रम, वृद्धाश्रम, शाळा, चर्चच्या सणाची संध्याकाळ हेही चालू असतं. तिथे दोन भागांच्या मधे टाळ्या पडतात, पडू देतो.

सध्या दुसरी चौकडी उभी करतोय, सरांच्या ओसरीवर शिकलेल्या पुढच्या पिढीतली. व्हायोलिनला तीन मुली तयार आहेत, चेलोला एक मुलगा. व्हिओलासाठी परत चिठ्ठ्या टाकाव्या लागणार. नाताळानंतरच्या तारखा जवळपास भरल्यात, ईस्टरनंतरच्या शनिवार-रविवारांपैकी थोड्या शिल्लक आहेत. लग्न ठरलं असेल तर गाण्यांची यादी आधी फादरांना दाखवा, हॉलवाल्याला बिनहाताच्या खुर्च्यांचं सांगा, आणि मग आमच्याकडे या.