फुंकलेली पुतळी: आधी पोट पाहावं

मंगळवार

काचेची पुतळी समोर आली की नजर आधी चेहऱ्यावर जाते. तिथे असतं काय? दोन ठिपके आणि चिमटीने ओढलेलं नाक. तिची खरी हकीकत पोटात असते. मागून टॉर्च धरला की पोकळ धडाची भिंत दिसते, पोटाशी पातळ आणि मानेकडे जाड. काचेच्या नळीचा तेवढाच तुकडा ज्योतीत मऊ करून फुंकलेला असतो. जिथे फुगला तिथे काच ताणली गेली. हातपाय बहुधा भरीव, काचेच्या कांडीतून ओढून जोडलेले.

फुंकायचं तर हवेला वाट हवी, आणि ती शेवटी बुजवावी लागते. ती बारीक गाठ भिंगातून शोधावी. केसांच्या अंबाड्यात किंवा झग्याच्या घेराखाली ती छान लपते. हात मात्र त्याआधीच जोडलेले बरे. कोंडलेल्या हवेला पुन्हा आच लागली की ती पसरते आणि मऊ झालेली काच फुगते, नाहीतर फुटते.

फ्रान्समधल्या नव्हेरच्या जुन्या पुतळ्यांची तऱ्हा वेगळी. तिथे तारेवर मऊ काच गुंडाळत जायचं. तार तांब्याची असेल तर निवताना ती साध्या काचेच्या जवळजवळ दुप्पट आकसते, म्हणून भेगा तारेलगत शोधाव्यात. लोखंडी तार गंजून फुगते, ते दुखणं आणखी निराळं.

बुधवार

फ्रिट्झ लाम्पल यांनी 1923 मध्ये व्हिएन्नात 'बिमिनी' ही कार्यशाळा काढली. 1938 मध्ये ते लंडनला गेले. तिथल्या नाजूक नर्तकींच्या पुतळ्यांवर सहसा सही नसते आणि नकला भरपूर. त्यामुळे नुसत्या लांब पायांवरून पुतळीच्या नोंदीच्या कार्डावर 'बिमिनी' लिहून मोकळं होणं हा आळस. 'बिमिनी धाटणीची' लिहावं.

मनगट आणि घोटा आधी जातात. जाड काचेला बारीक काच जोडलेली, दोन्ही सारख्या वेगाने थंड होत नाहीत. भट्टीत सावकाश निववलं नाही तर ताण आतच राहतो. एकमेकींना आडव्या धरलेल्या दोन पोलराइज्ड काचांमध्ये (एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणाऱ्या) पुतळी ठेवून मागून उजेड दिला की काळोखात तो सांधा उजळतो.

उचलताना धडाला आधार द्यावा, हाताला धरू नये. सुती हातमोजे नकोत. ते निसटतात आणि बोटांत अडकतात. नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे घालावेत. पेटीत कापूस तर नकोच, फोममध्ये आकार कापून वर मऊ कागद. आधीच कापसात ठेवलेली असेल तर तो फेकण्यापूर्वी बोटांनी चाचपावा. हरवलेली करंगळी पुष्कळदा त्यातच असते.