काजळीच्या अंगावरचे पट्टे अखेर दिसले!

मंडळी, जमलं! आमच्या काळ्या मांजरीचा, काजळीचा, असा फोटो आलाय की त्यात काळा गोळा नाही, मांजर दिसतंय. मानेवरचे केस सुटे सुटे, खांद्याचा उंचवटा, पोटाजवळची घडी, सगळं जागच्या जागी. लेन्स 50 एमएम, लेन्सचं छिद्र एफ 4, शटर 1/250 सेकंद, सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ 1600, एक्स्पोजर उणे एक (म्हणजे कॅमेरा सुचवतो त्याच्या निम्मा उजेड).

हळदूबद्दल विशेष काही नाही. भगवा बोका, कुठूनही टिपा, देखणाच येतो. सगळी झटापट काजळीशी.

कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाचं, म्हणजे मीटरचं गणित तुम्हाला माहीतच आहे: समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून तो उजेड ठरवतो. ती फ्रेमभर आली की कॅमेरा तिला राखाडीकडे ओढतो, गोधडीतले पांढरे तुकडे जळतात आणि ती धुरकट दिसते. उणे एकवर रंग खरा येतो, पण अंगावरचं सगळं बुडतं. इथवर मागे लिहिलं होतं. त्यावर एलईडी पॅनल घ्यायचा सल्ला मिळाला, म्हणून एक स्वस्तातलं मागवलं. सायलेंट शटरवर (आवाज न करता फोटो ओळीओळीने टिपणाऱ्या) फोटोभर आडव्या पट्ट्या! आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असले दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/100 वर आणलं की पट्ट्या जातात, पण तेवढ्यात तिने कान हलवला की कान पुसट. मेकॅनिकल शटर लावावं, तर पहिल्याच खटक्याला बाईसाहेब उठून स्वयंपाकघरात. पॅनल आता कपाटात आहे. माझं स्पष्ट मत: दिव्यावर पैसे घालण्याआधी खिडकीची काच पुसा, आणि ग्रिल पक्कं असेल तर डासांची जाळी बाजूला करा. त्या जाळीत किती उजेड अडतो ते सरकवल्यावरच कळतं.

वाट सापडली ती टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलमुळे. ह्यांनी माळा आवरायला काढला होता आणि तो तुकडा दिवाणाला टेकवून ठेवला. काजळी उन्हाच्या कडेला बसलेली. थर्माकोलकडच्या कुशीवर एकदम लकाकी आली, खिडकीकडची बाजू मात्र होती तशीच. काळे केस बहुतेक उजेड गिळून टाकतात. आपल्याला दिसते ती केसांवरची चकाकी, आणि चकाकी म्हणजे समोर जे असेल त्याचं प्रतिबिंब. समोर अंधारी भिंत असेल तर दिवा कितीही वाढवा, अंग अंधारंच. समोर मोठं, पांढरं, उन्हात उजळलेलं काही असलं की केसन्‌केस उठून दिसतो. कोन मात्र नेमका लागतो. मी जमिनीवर बसलेली, थर्माकोल तिच्या पलीकडे, जरासा माझ्याकडे कललेला. ह्यांनी तो वीतभर सरकवला की लकाकी गायब, परत आणला की हजर.

आणि त्या तिरप्या उजेडात काजळीच्या मांडीवर चक्क पट्टे दिसले! काळ्या मांजरांच्या अंगातही पट्ट्यांची नक्षी असतेच, फक्त काळा रंग ती झाकून टाकतो, हे वाचलेलं होतं. आमच्या काजळीच्या अंगावर पाहिली ती आत्ता. बारीक, किंचित तपकिरी, मांडीवरून शेपटीकडे गेलेले.

फोकसचं थोडं सांगते. डोळ्यांचा ऑटोफोकस काळ्या चेहऱ्यात हमखास पांढऱ्या मिशांवर जाऊन बसतो. माझ्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) बॉडीवर एक मीटरवरून एफ 1.8 ला, म्हणजे छिद्र मोठं उघडलं की, पुढेमागे मिळून जेमतेम तीन सेंटिमीटरचा भाग स्पष्ट येतो, म्हणजे मिशा स्पष्ट आणि डोळे पुसट. एफ 4 ला तो दुप्पट होतो. काजळी हनुवटी टेकून पडली की तिच्या डोळ्यांच्या रेषेत येणारा गोधडीचा धावदोरा शोधायचा, त्यावर मॅन्युअल फोकस करायचा आणि कॅमेरा न हलवता थांबायचं. त्या टाक्यांइतकं सोपं फोकसचं ठिकाण घरात दुसरं नाही.

संक्रांतीसाठी दोघांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं होतं. तो आता मागे ठेवते. आधी पट्ट्यांची मालिका, तीही कृष्णधवल. घाई आहे, कारण नाशिकला डिसेंबरअखेर दुपारचा सूर्य जेमतेम 47 अंशांवर असतो आणि आमच्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन सहा फूट आत येतं. फेब्रुवारी सरेपर्यंत ते निम्म्यावर येईल आणि दिवाण सावलीत जाईल.

थर्माकोलही बदलायला हवा. हळदूने काल त्याला नखं लावली, दाणे खोलीभर. ते पोटात गेले तर फार वाईट. बटर पेपरने गुंडाळावा असं म्हणणार होते, पण लिहिता लिहिता सुचलं की दोरीवर पांढरी सुती चादर लावली तर पृष्ठभाग कितीतरी मोठा मिळेल आणि ह्यांचे हातही मोकळे होतील. लकाकीही मऊ पसरेल. हेच करते, उद्याच.

तुमच्यापैकी कुणाकडे लांब केसांचं काळं मांजर असेल तर त्याच्यावर हे करून फोटो टाका. लांब केस सगळ्या दिशांना वळलेले असतात, त्यामुळे तिथे लकाकी तुटक येईल आणि दोन चादरी लागतील असा माझा अंदाज आहे.