जर्मनीत खोली घेताना ‘इथे आनमेल्डुंग होईल का?’ हे आधी विचारा : माझा अनुभव

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलामुलींचे मला फोन येतात, तेव्हा त्यांचे बहुतेक प्रश्न विमानात बसेपर्यंतचे असतात. एपीएस (आपल्या मार्कशीट-पदव्या तपासून मिळणारं सर्टिफिकेट) कधी येतं, ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कम मिळते) कुठे काढायचं, मुंबईत व्हिसाची तारीख कशी मिळते. माझं हे सगळं वेळच्या वेळी झालं. एपीएसचे १८,००० रुपये भरले, कागद पाठवले, सर्टिफिकेट आलं, व्हिसाही आला. त्यावर सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. मला सांगायचं आहे ते तिथे उतरल्यानंतरचं. माझं पहिलं सत्र सुरू झालं तेव्हा वर्गातली बाकीची मुलं लॅबचे ग्रुप ठरवत होती आणि मी पानभर कागदासाठी लोकांच्या विनवण्या करत होते. त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आनमेल्डुंग म्हणजे आपण कुठे राहतो याची शहराच्या दफ्तरी नोंद. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते, असा तिथला कायदाच आहे. नोंद झाली की एक कागद हातात पडतो आणि पुढची सगळी गाडी त्या कागदावर चालते. टॅक्सचा नंबर त्यानंतरच पोस्टाने येतो. राहण्याच्या परवान्याच्या अर्जाला तो कागद लागतो. माझ्या ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांनी तर तो पाहिल्याशिवाय पैसे सोडायलाच नकार दिला. साताऱ्याच्या बँकेतून शैक्षणिक कर्ज काढून ११,९०४ युरो भरले होते. त्यातले महिन्याला ९९२ माझ्या हातात यायचे होते. पैसे माझे, खातं माझ्या नावाचं, आणि मी मात्र आईने निघताना पर्समध्ये घालून दिलेल्या नोटा मोजून डाळ-तांदूळ घेत होते.

आता ही नोंद अडली कुठे, ते नीट सांगते, कारण दरवर्षी कुणी ना कुणी इथेच अडकतं.

विद्यार्थी वसतिगृहाच्या यादीत माझं नाव खूप खाली होतं. (ॲडमिशनचं पत्र आलं त्याच दिवशी श्टुडिएरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या राहण्या-खाण्याची सोय बघणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहासाठी अर्ज टाका, व्हिसाची वाट बघत बसू नका. ही यादी महिनोन् महिने हलत नाही.) म्हणून मी एका मुलाची खोली पोटभाड्याने घेतली. तीन खोल्यांचा फ्लॅट, दोन खोल्यांत दुसरे विद्यार्थी, आणि हा मुलगा इंटर्नशिपसाठी फेब्रुवारीपर्यंत दुसऱ्या शहरात जाणार होता. खोली छान, ट्रामचा थांबा जवळ, भाडं परवडणारं. करारावर त्याची सही, माझी सही. व्हिडिओ कॉलवर खोली पाहिली होती, आधी तिथे राहून गेलेल्या मुलीशी बोलले होते. सगळं रीतसर होतं.

नोंदणीचं टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, मिळवायलाच घाम फुटला. ऑक्टोबरमध्ये हिवाळी सत्र सुरू होतं आणि गावातले सगळे नवे विद्यार्थी एकाच वेळी त्या वेबसाइटवर तुटून पडतात. सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास पान पुन्हा पुन्हा उघडून बघा, कुणीतरी रद्द केलेली वेळ तेव्हा दिसते. मला मिळाली ती तशीच. दोन आठवड्यांच्या पुढची तारीख मिळाली म्हणून घाबरू नका, बुकिंगचा ईमेल जपून ठेवा. आमच्यापैकी कुणाला त्यासाठी दंड झाला नाही.

काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, व्हिसा पाहिला, भाडेकरार हातात घेतला आणि न वाचताच परत माझ्या दिशेने सरकवला. करार चालत नाही म्हणाल्या. घर देणाऱ्याची सही असलेला वेगळा फॉर्म लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. १ नोव्हेंबर २०१५ पासून हा नियम सगळ्या जर्मनीत आहे. मी विचारलं, तो द्यायला माणूस तयार नसेल तर? त्या म्हणाल्या, कागद घेऊन या, नवीन टर्मिन घ्या. पुढच्या माणसाचा नंबर स्क्रीनवर लागलासुद्धा.

तो मुलगा खरोखरच तयार नव्हता. आधी म्हणाला, बघतो. मग म्हणाला, काही महिन्यांसाठी कुणी आनमेल्डुंग करत नाही. मग मेसेजला उत्तरं देणंच बंद केलं. शेवटी फ्लॅटमधल्या मुलीने मला खरं कारण सांगितलं. त्याने मालकाला न विचारता खोली दिली होती आणि त्या फॉर्मवर मालकाचं नाव लिहायचा एक रकाना असतो.

तो फॉर्म मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता पाठ आहे. घर देणाऱ्याचं नाव आणि पत्ता, तो स्वतः मालक नसेल तर मालकाचं नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख, राहणाऱ्यांची नावं, सही. बस्स. पाच मिनिटांचं काम.

घरी फोन केला की बाबा म्हणायचे, “अगं, त्याच्याशी गोडीगुलाबीनं बोल, देईल तो.” मी गोडीगुलाबीनंच बोलत होते! याच काळात ओळखीतल्या ओळखीतून एकाने मला पत्ता विकत द्यायची तयारी दाखवली. थोडे पैसे द्या, माझ्या घरी राहता असं लिहून देतो, नोंद होऊन जाईल. माझ्याबरोबर आलेल्या एकाने असं केलंही. मी नाही म्हणाले आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो, कारण खिशात पैसे नसताना नाही म्हणायला जड जातं. जिथे राहायला जायचंच नाही तिथला पत्ता दुसऱ्याला नोंदणीसाठी पुरवणं हा तिथे गुन्ह्यासारखाच प्रकार आहे, पुरवणाऱ्याला होणाऱ्या दंडाची मर्यादा ५०,००० युरोपर्यंत आहे. शिवाय तुमची पत्रं त्या परक्या घरी जातात. परवान्याच्या कार्यालयाचं एक पत्र हुकलं तरी पुढे काय काय निस्तरावं लागेल, याचा विचार करा.

सुटका झाली ती युनिव्हर्सिटीतच. विद्यार्थी संघटनेकडे आठवड्यातून एकदा वकील बसतात, विद्यार्थ्यांना फुकट सल्ला देतात, हे मला सोलापूरच्या एका सीनिअर दादाने सांगितलं. जर्मनीत बहुतेक युनिव्हर्सिटींमध्ये विद्यार्थी संघटना किंवा श्टुडिएरेंडेनवेर्क ही सोय करतात. तुम्ही पोचल्या पोचल्या त्यांची वेळ माहीत करून घ्या, गरज पडो न पडो. त्या वकीलबाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फेडरल नोंदणी कायद्याचं कलम १९ स्क्रीनवर उघडलं आणि मला ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं.

त्यातून ज्या गोष्टी कळल्या, त्या मला कुणी महिनाभर आधी सांगायला हव्या होत्या. पहिली म्हणजे घर देणारा हा मालकच असला पाहिजे असं नाही. मूळ भाडेकरू पोटभाडेकरूला खोली देतो तेव्हा सही त्यानेच करायची असते, आणि ते त्याच्यावर बंधनकारक आहे. टाळाटाळ केली तर त्याला १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरी, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट : कागद देत नसेल तर आपण ते नोंदणी कार्यालयाला ताबडतोब कळवायचं असतं. हे त्याच कलमात लिहिलं आहे. म्हणजे मी काउंटरवर नेमका तोच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्या बाईंच्या रोजच्या कामाच्या कायद्यात होतं! एवढं एक वाक्य त्या बोलल्या असत्या तर माझे आठवडे वाचले असते. त्यांना ते माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं आणि खरं तर त्यामुळेच काम झालं. तो मुलगा मालकाला घाबरत होता, पण इंटर्नशिपसाठी काही महिने बाहेर जावं लागणं हे पोटभाडेकरू ठेवण्याचं रास्त कारण धरलं जातं. घराचा काही भागच दुसऱ्याला द्यायचा असेल आणि कारण रास्त असेल, तर भाडेकरू परवानगी मागू शकतो आणि मालकाला ती सहसा नाकारता येत नाही. म्हणजे त्याने आधी विचारलं असतं तरी परवानगी मिळाली असती.

मी त्याच रात्री दोन ईमेल लिहिले. एक नोंदणी कार्यालयाला : या तारखेपासून या पत्त्यावर राहते, या दिवशी येऊन गेले, घर देणाऱ्याने अजून कागद दिलेला नाही, करार सोबत जोडला आहे. दुसरा त्या मुलाला, पहिल्या ईमेलची प्रत जोडून. त्यात दमदाटीचा एक शब्द नव्हता. मालकाकडे परवानगी मागायचा त्याला हक्क आहे आणि त्याचा मसुदा वकीलबाई करून देतील, एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाजावरून तोच माझ्यापेक्षा जास्त टेन्शनमध्ये होता. पुढच्या काही दिवसांत मालकाची परवानगी आली आणि फॉर्म सही होऊन माझ्या हातात पडला. कार्यालयात या वेळी दुसरे गृहस्थ होते. त्यांनी टकटक टाइप केलं, प्रिंट काढली, शिक्का मारला आणि गावात स्वागत आहे म्हणाले. मी ट्राममध्ये बसून आईला त्या कागदाचा फोटो पाठवला आणि मग मला रडू आलं.

म्हणून खोली बघताना भाड्याच्याही आधी हा प्रश्न विचारा. “आनमेल्डुंग होईल ना?” याचं उत्तर मेसेजमध्ये लेखी घ्या, फॉर्म करारासोबतच सही करून मागा, आणि पोटभाडं असेल तर मालकाची परवानगी आहे का तेही विचारा. शहराच्या वेबसाइटवर फॉर्म असतो, तुम्हीच भरून पाठवा, समोरच्याला फक्त सही उरली पाहिजे. जो “ते नंतर बघू” म्हणेल, त्याला डिपॉझिट देऊ नका. डिपॉझिटही तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा (हीटिंग, पाणी वगैरेचा खर्च सोडून जे भाडं उरतं त्यापेक्षा) जास्त मागता येत नाही.

पत्रपेटीचं राहिलंच. जर्मनीत पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो, फ्लॅट नंबर बहुतेक ठिकाणी नसतोच. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. आमच्या पेटीवर आधीच तीन नावं होती. मी पासपोर्टवरचं आडनाव ठळक अक्षरांत लिहून पट्टी चिकटवली आणि वरून पारदर्शक टेप मारली. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्सचा नंबर, सगळं कागदी पत्रानेच येतं. खोलीची किल्ली मिळेल त्याच दिवशी हे काम उरका, खालच्या बेलवरही नाव लावा.

नोंद झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ती द्यावी लागते, पण घरटी एकदाच. फ्लॅटमधलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणीचा नंबर कळवा आणि तुमचा वाटा त्याला द्या. पत्राकडे दुर्लक्ष करू नका, ते येतच राहतं.

पार्टटाइम कामाला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस परवानगी आहे. टॅक्सचा नंबर दिला नाही तर पगारातून सगळ्यात चढा टॅक्स कापून घेतात, म्हणून तो येईपर्यंत कामाची घाई करायची की नाही ते ठरवा. आणि व्हिसा संपायच्या आत परवान्याचा अर्ज करा, टर्मिन कितीही लांबचं असो. मुदतीत अर्ज केलेला असला की निकाल लागेपर्यंत तुमचं राहणं कायदेशीरच राहतं, आणि तसा दाखला मागून घेता येतो. डिसेंबरात सातारला यायचं तिकीट काढलं असेल तर तो दाखला हातात आल्याशिवाय निघू नका.