माण्याहून आलेला फोन

मे महिन्यातली सकाळ, पावणेनऊ वाजलेले. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या यात्रा कंपनीच्या ऑफिसचं शटर वर करतोय तोच बद्रीनाथजवळच्या माणा गावातून फोन आला. 26 जणांच्या ग्रुपबरोबर गेलेला आमच्या ऑफिसातला मुलगा ओरडून काहीतरी सांगत होता आणि मागे नुसता पाण्याचा घोष. तो भीमपुलापाशी आहे, हे त्या आवाजावरूनच कळलं. सरस्वती नदी तिथे खडकांतून उसळत येते आणि जरा खाली केशवप्रयागला अलकनंदेला मिळते. व्यास महाभारत सांगत असताना हिच्या आवाजापायी गणपतीला शब्द ऐकू येईनात, म्हणून तिला गुप्त होण्याचा शाप मिळाला, अशी कथा तिथे सांगतात. "आधी गावाच्या गल्लीत ये, घरांच्या आडोशाला," असं तीनदा सांगितल्यावर त्याचं बोलणं लागलं.

ठाण्याचेच एक काका, वय 69. पहाटेपासून डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली होती. दर्शन चुकेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

पहिलं काम ऑक्सिमीटर. त्यानं रक्तातला ऑक्सिजन 71 टक्के सांगितला. गार पडलेल्या बोटावर तो आकडा खोटा येतो, म्हणून काकांना चहाच्या दुकानात बसवून हात चोळायला लावले आणि मिनिटभर थांबून परत बघितलं. 79. बाकीच्यांचे 88 ते 90 होते, आणि त्या उंचीला तेवढे चालतात. मग त्याला म्हटलं, "जमिनीवरच्या फरशीची रेघ धर आणि काकांना एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत दहा पावलं चालव. तू हात धरायला बाजूलाच राहा." हे सगळ्यात महत्त्वाचं. झोक जात असेल तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यायची आणि एक मिनिटही घालवायचं नाही. काका सरळ चालले. तरीही खाली आणायचंच ठरवलं, कारण उलटी होतेय आणि ऑक्सिजन इतका कमी आहे, म्हटल्यावर "जरा पडा, बरं वाटेल" हा सल्ला घातक ठरतो.

गाडी गावाच्या कमानीपर्यंतच येते. तिथवर दोघांनी धरून, दर वीस पावलांना थांबत त्यांना उतरवलं. 3 किलोमीटरवर बद्रीनाथला डॉक्टरांनी तपासून ऑक्सिजन लावला आणि तिथून सुमारे 45 किलोमीटर खाली जोशीमठ. इतर 25 जणांसाठी दुसरी गाडी गावातूनच मिळाली.

चूक आमच्या वेळापत्रकाची होती. बद्रीनाथला चढण्याच्या आदल्या रात्री मुक्काम पिंपळकोटीला, उंची सुमारे 1,300 मीटर. तिथून एका दमात बद्रीनाथ, 3,100 मीटर. उंचीवरच्या विरळ हवेचा हा त्रास चढल्या चढल्या होत नाही, सहा-बारा तासांनी डोकं वर काढतो. त्यात पहाटे तीनला उठणं, तप्तकुंडातली आंघोळ, दर्शनापर्यंत उपाशी आणि लगेच माण्याची चढण. परतीच्या गाडीआधी दीड तासात माणा 'उरकायचं', ही आमच्या धंद्यातली फार वाईट सवय आहे. गणेशगुहा, वर व्यासगुहा, पोथीच्या पानांसारखे थर असलेला तो खडक, दारात लोकर विणत बसलेल्या बायका. ते गाव दीड तासाचं नाहीच.

आता जोशीमठला, सुमारे 1,900 मीटरवर, एक मुक्काम सक्तीचा. बद्रीनाथला पोचलेल्या दिवशी फक्त विश्रांती आणि संध्याकाळची आरती. माणा दुसऱ्या दिवशी, नाश्ता झाल्यावर, चार तास हातात ठेवून. ऑक्सिमीटर रोज सकाळी सगळ्यांना, दुखत असो वा नसो. आणि निघण्याआधीच्या ठाण्यातल्या बैठकीत एकच गोष्ट दोनदा सांगतो: डोकं दुखलं तर लपवू नका.

दुपारी दोनला जोशीमठहून काकांचाच फोन आला. आकडा 92, मऊ भात खाल्ला होता. पण ते बोलले ते दूर्वांबद्दल. ठाण्याच्या मार्केटातून घेतलेली 21 दूर्वांची जुडी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यातून गणेशगुहेसाठी नेली होती, आणि डबा गाडीतच राहिला, असं त्यांना वाटत होतं. मी वर फोन लावला. ग्रुपमधल्या एक काकू म्हणाल्या, "ते खाली निघाले तेव्हाच मी डबा त्यांच्या पिशवीतून काढून घेतला होता. वाहिल्या, सांगा त्यांना."

तसं लगेच कळवलं.